बूटलोडर न उघडता फर्मवेअर अपडेट: दर वेळी 'इन्स्टॉल होऊ शकले नाही' का येतं?

लक्षण ओळखीचं आहे. फोन फर्मवेअरचं, म्हणजे कंपनीने दिलेल्या सिस्टिमचं, अपडेट उतरवून घेतो, टक्केवारी १०० पर्यंत जाते, 'आता रीस्टार्ट करा' असं म्हणतो. रीस्टार्ट होतो आणि बघावं तर तोच जुना बिल्ड नंबर, तोच मागचा सुरक्षा पॅच. वर एक ओळीची सूचना: अपडेट इन्स्टॉल होऊ शकले नाही. चार दिवसांनी पुन्हा तोच खेळ. मग कोणीतरी जाणकार भेटतो आणि सांगतो, 'बूटलोडर अनलॉक कर, फ्लॅश मार, विषय संपला.' (बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम तपासून उठवणारा प्रोग्राम, आणि फ्लॅश म्हणजे संगणकावरून सिस्टिम थेट फोनवर लिहिणं.)

विषय संपत नाही, आगीतून फुफाट्यात पडतो. बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. चोराने बूटलोडरचं लॉक उघडलं तरी आतले फोटो आणि मेसेज त्याच्या हाती लागू नयेत म्हणून. शिवाय अनलॉक असलेल्या फोनला प्ले इंटिग्रिटीची (फोन विश्वासाचा आहे का हे ॲपना सांगणारी गूगलची सोय) तपासणी नापास करते, त्यामुळे बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप रुसून बसू शकतात. सॅमसंगमध्ये तर नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा व्यवस्थेचा, एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे. परका सॉफ्टवेअर बसवला की तो उडतो आणि पुन्हा जोडता येत नाही. एवढं सगळं कशासाठी, तर कंपनीचंच अपडेट बसवण्यासाठी!

लॉक असलेला बूटलोडर अपडेटच्या आड येत नाही. तो आणि त्याच्या जोडीची रिकव्हरी (अपडेट बसवायची छोटी वेगळी सिस्टिम) मिळून तीनच गोष्टी बघतात. पॅकेजवर कंपनीची सही आहे का? ते याच मॉडेलसाठी आहे का? आणि फोनमध्ये आधीच असलेल्यापेक्षा ते जुनं तर नाही ना? तिन्ही ठीक असतील तर लॉक फोन अपडेट मुकाट्याने घेतो. म्हणून आपलं काम एवढंच, की नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं.

(पडद्यावर चूक सांगणाऱ्या ओळी इंग्रजीत येतात. खाली त्यांचे उच्चार किंवा अर्थ लिहिले आहेत, जुळवून घ्या.)

आधी फुकटच्या गोष्टी

बॅटरी. अँड्रॉइडच्या मूळ रिकव्हरीत चार्जर नसताना २० टक्क्यांची आणि चार्जर लावलेला असताना १५ टक्क्यांची अट आहे. त्याखाली 'एरर २०' येतो. पण जुन्या बॅटरीचे २० टक्के मधल्या टप्प्यातच उडून जातात, तेव्हा निम्म्याच्या वर असतानाच सुरुवात करा.

जागा. अँड्रॉइड ११ पासून आलेल्या व्हर्च्युअल ए/बी पद्धतीत नव्या सिस्टिमचे बदल आधी तुमच्याच स्टोरेजमधल्या मोकळ्या जागेत लिहिले जातात. फोन काठोकाठ भरलेला असेल तर अपडेट उतरतं, पण बसत नाही. निदान काही जीबी मोकळे करा आणि मगच पुढचं वाचा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. अँड्रॉइड १० पासून सेटिंगमध्ये 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी वेगळी तारीख दिसते. ती फर्मवेअरची नव्हे. सिस्टिमचे काही सुटे भाग गूगल प्लेच्या वाटेने परस्पर बदलतात, त्यांची ती तारीख. ती मागे राहिली म्हणून फर्मवेअर फ्लॅश करायला बसू नका. याच्या उलटही खरं: ती ताजी आहे म्हणजे फर्मवेअर ताजं आहे असं नाही.

अपडेट आलंच नसेल, तर ते टप्प्याटप्प्याने सोडलं जात असतं. 'गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा डेटा पुसा, लगेच येईल' ही जुनी युक्ती अजून फिरते. ती करू नका. त्याने फोनची गूगलकडची ओळख बदलते आणि ॲपच्या सूचना येणं बिघडतं. अपडेट मात्र आपल्या वेळेलाच येतं.

रीस्टार्टनंतर जुनंच का दिसतं

यंत्रणा समजली की निम्मा वैताग जातो. आजच्या बहुतेक फोनमध्ये सिस्टिमच्या दोन जागा असतात, ए आणि बी. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सोबत ही पद्धत आली. तुम्ही ए वर काम करत असता, तेव्हा अपडेट मागच्या मागे बी वर लिहिलं जातं. रीस्टार्ट झाल्यावर फोन बी वरून उठायचा प्रयत्न करतो. काही वेळा करूनही जमलं नाही, तर बूटलोडर निमूटपणे ए वर परत येतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच: तोच जुना नंबर. म्हणजे फोन बिघडलेला नाही. उलट त्याने स्वतःला वाचवलेलं असतं.

आता बी वर लिहिताना काय चुकतं? हवेतून येणारं अपडेट बहुधा 'इन्क्रिमेंटल' असतं, म्हणजे जुन्या आणि नव्या सिस्टिममधला फक्त फरक. तो लावताना जुन्या भागाचा प्रत्येक तुकडा हॅशने (त्याच्या मजकुरातून काढलेल्या ठशाने) तपासला जातो. कधीकाळी फोन रूट केला (सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवला) असेल, अनलॉक करून पुन्हा लॉक केला असेल, किंवा घेताना तो आधी वापरलेला असेल आणि कोणी आत हात घातला असेल, तर एखादा तुकडा जुळत नाही आणि सगळं पॅकेज परत फिरतं. असं अपडेट १०० वेळा उतरवलं तरी १०० वेळा नापासच होणार. फोनला दोष देऊन उपयोग नाही.

यावर उतारा आहे तो 'फुल ओटीए' पॅकेज (ओटीए म्हणजे हवेतून येणारं अपडेट). त्यात फरक नसतो, अख्खी सिस्टिम असते. जुन्या भागात काय आहे याची त्याला पर्वा नसते. आकार दीड-दोन जीबी किंवा त्याहून मोठा, पण या दुखण्यावर बहुतेक वेळा तेच लागू पडतं.

फाइल निवडताना होणाऱ्या चुका

माझ्या अनुभवात दहापैकी सात प्रकरणं इथेच अडलेली असतात.

गूगलच्या पिक्सेलसाठी दोन याद्या असतात: फॅक्टरी इमेज आणि फुल ओटीए इमेज. फॅक्टरी इमेज फास्टबूटमधून (बूटलोडरच्या, संगणकावरून हुकूम घेणाऱ्या मोडमधून) बसते आणि तिला अनलॉक बूटलोडर लागतो. फुल ओटीए रिकव्हरीतून बसतं, लॉक चालतं, डेटाही राहतो. लोक पहिली उतरवतात, फास्टबूट नकार देतं, आणि मग 'अनलॉक केल्याशिवाय होतच नाही' अशी समजूत पक्की होते. शाओमीतही तीच गंमत. रॉम म्हणजे सिस्टिमची अख्खी फाइल. रिकव्हरी रॉम झिप असते, फास्टबूट रॉम टीजीझेड असते. दुसरी लॉक फोनवर मारायला गेलात तर 'लॉक स्टेटमध्ये परवानगी नाही' अशा अर्थाची ओळ येते. तिचा अर्थ अनलॉक करा असा घेऊ नका. चुकीची फाइल उचललीत, एवढाच आहे.

मग मॉडेल. खोक्यावरचं नाव पुरेसं नाही. एकाच नावाच्या फोनचे प्रदेशानुसार तीन-चार प्रकार असतात आणि प्रत्येकाचं फर्मवेअर वेगळं. 'फोनबद्दल' या पानावरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट आणि बिल्ड नंबर पूर्ण लिहून घ्या. हाताने कागदावर लिहा, कारण थोड्या वेळाने फोन रिकव्हरीत असेल आणि तो पान दाखवायला उपलब्ध नसेल. चुकीच्या प्रकाराचं पॅकेज असेल तर जुन्या पद्धतीच्या (सिस्टिमची एकच जागा असलेल्या) फोनवर 'ई३००४: हे पॅकेज अमुक उपकरणासाठी आहे, हे उपकरण तमुक' अशी स्वच्छ ओळ येते. इतकी स्पष्ट तक्रार क्वचितच मिळते, पण लोक तिचा फोटो काढतात आणि वाचत मात्र नाहीत.

तिसरी चूक मॅकवाल्यांची खास. सफारी झिप फाइल उतरवली की ती आपणहून उलगडून ठेवतो. मग माणूस ते फोल्डर पुन्हा झिप करतो. नाव तेच, आतल्या फाइली त्याच, तरी रिकव्हरी म्हणते सही जुळत नाही, एरर २१. कारण सही अख्ख्या झिपवर असते आणि फाइलच्या अगदी शेपटाला, झिपच्या कॉमेंटमध्ये ठेवलेली असते. पुन्हा बांधलेल्या गाठोड्यात ती शेपटी नसते. डाउनलोड अर्धवट तुटला तरी शेपूटच गायब होते. तेव्हा 'फुटर इज राँग' असं येतं. त्या तीन शब्दांचा मराठीत अर्थ: फाइल पूर्ण उतरलेली नाही.

म्हणून उतरवल्यावर चेकसम (फाइलमधून काढलेला ओळखीचा आकडा) कंपनीने दिलेल्याशी जुळवून बघा. विंडोजमध्ये सर्टयूटिल, मॅक आणि लिनक्सवर शासम. पिक्सेलच्या फाइलींची नावंही कामाची असतात. नावाच्या शेवटी जी आठ अक्षरं-अंक दिसतात ती एसएचए-२५६ चेकसमची पहिली आठ असतात. तेवढी जुळली तरी बहुतेक काळजी मिटते.

साइडलोड, आणि त्या दोन लांब आकड्यांची गोष्ट

साइडलोड म्हणजे उतरवलेलं पॅकेज केबलने संगणकावरून रिकव्हरीला देणं, आणि ते ज्याने होतं ते एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला हुकूम देणारं गूगलचं साधन. आधी बॅकअप घ्या. डेटा पुसला जात नाही हे खरं, पण वाचवण्यासारखं काही असेल तर बॅकअपवाचून या वाटेला जाऊ नये.

पिक्सेलसारख्या फोनवर वाट अशी. फोन बंद, आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर दाबून फास्टबूटचा पडदा, तिथून 'रिकव्हरी मोड'. आडवा पडलेला रोबो आणि 'नो कमांड' दिसेल. इथेच निम्मे लोक घाबरून फोन बंद करतात. काही झालेलं नसतं. पॉवर दाबून धरा आणि आवाज वाढवायचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा, यादी उघडते. त्यात 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' निवडा. संगणकावर 'एडीबी डिव्हाइसेस' दिलं की फोनच्या नंबरापुढे 'साइडलोड' हा शब्द दिसला पाहिजे. मग 'एडीबी साइडलोड' आणि फाइलचं नाव.

फोन दिसतच नसेल तर क्रमाने बघा. केबल फक्त चार्जिंगची तर नाही? मधला हब काढलात का? विंडोजवर असाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे का? फोन चालू असताना ड्रायव्हर बरोबर होता म्हणून रिकव्हरीतही असेल असं नाही. रिकव्हरीत फोन संगणकाला वेगळी ओळख सांगतो, त्यामुळे ड्रायव्हर पुन्हा दाखवावा लागतो. 'फाइल वाचता येत नाही' असं आलं तर एडीबी जुनं आहे, मोठी फाइल अख्खी मेमरीत घ्यायला जातं आणि धापा टाकतं. गूगलच्या प्लॅटफॉर्म टूल्सची ताजी प्रत घ्या. किंवा फाइलचं नाव 'अपडेट डॉट झिप डॉट झिप' झालेलं असेल. विंडोज नावामागची 'डॉट झिप'सारखी शेपटं लपवतो, हसू नका, मी स्वतः यात अर्धा तास घालवला आहे.

संगणकावरची टक्केवारी ४७ ला थांबली की घाबरू नका. पॅकेज दोनदा वाचावं लागेल असं धरून तो आकडा मोजलेला असतो. एकदाच वाचून काम झालं की तो ४७ च्या आसपासच संपतो. शेवटी 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असलं विनोदी वाक्यही येतं. संगणकाकडे लक्षच देऊ नका, फोनचा पडदा बघा. तिथे 'कम्प्लीटेड विथ स्टेटस ०' असेल तर झालं. १ किंवा २ असेल तर फसलं, आणि कारण त्याच्या वरच्या दोन-तीन ओळींत असतं.

आता गोष्ट. माझ्या मावसभावाच्या फोनचा सुरक्षा पॅच तीन महिने हलेना. मी मोठ्या ऐटीत त्या वेळचं सगळ्यात ताजं फुल ओटीए उतरवलं, केबल लावली, साइडलोड सुरू केलं. काळ्या पडद्यावर पिवळट अक्षरात ओळ आली: पॅकेज सध्याच्या बिल्डपेक्षा जुनं आहे, अमुकपेक्षा नवं हवं होतं, यात तमुक आहे, खाली उतरायला परवानगी नाही. अमुक आणि तमुक म्हणजे दहा-दहा आकडी संख्या. मी पॅकेज बदललं, केबल बदलली, संगणक बदलला. साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी सहज त्या दोन संख्यांची वजाबाकी केली. उत्तर साधारण २५,९२,००० आलं. त्या संख्या १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, भागून बघा: ३० दिवस. म्हणजे फोनमधलं बिल्ड माझ्या 'ताज्या' पॅकेजपेक्षा महिनाभर पुढचं होतं!

कसं काय? विचारल्यावर कबुली मिळाली. त्याने मागे बीटामध्ये (अँड्रॉइडच्या चाचणी आवृत्त्यांच्या योजनेत) नाव घातलं होतं, नंतर काढून घेतलं, पण बाहेर पडताना येणारं, फोन पुसणारं अपडेट घ्यायचं टाळलं होतं. फोन बीटाच्या बिल्डवर अडकून पडला होता. स्थिर आवृत्तीचं पॅकेज नावाने नवं, पण तयार झालेलं आधी. इलाज? वाट पाहणं. पुढचं स्थिर पॅकेज त्याच्या बीटानंतर तयार झालेलं होतं, ते उतरवलं, पहिल्या फटक्यात स्टेटस ०. एक फोटोही गेला नाही. भावाने मला त्याचं श्रेय दिलं, मीही नाकारलं नाही.

तेव्हा हा संदेश दिसला तर आधी वजाबाकी करा. फरक दिवसांत काढला की आपलं पॅकेज किती मागे आहे ते कळतं.

सॅमसंगची वाट वेगळी

सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आहे. साधा रस्ता म्हणजे संगणकावरचं स्मार्ट स्विच. फोन जोडला की अपडेट असेल तर तेच विचारतं. त्याने भागलं तर पुढे जाऊच नका.

ओडिन हे सॅमसंगचं आतल्या कामाचं साधन, कंपनी ते ग्राहकांना स्वतः देत नाही, पण वापरणारे खूप. मूळ सही असलेलं फर्मवेअर असेल तर ओडिनलाही बूटलोडर उघडावा लागत नाही आणि नॉक्सचा फ्यूजही उडत नाही. बीएल, एपी, सीपी आणि सीएससी अशा चार खणांत चार फाइली जातात. इथे एकच जागा जिवावर बेतणारी: चौथ्या खणात 'सीएससी' घातली तर फोन पुसला जातो, 'होम सीएससी' घातली तर डेटा राहतो. दोन्ही फाइली एकाच झिपमध्ये शेजारी-शेजारी असतात. स्टार्ट दाबायच्या आधी तो खण दोनदा वाचा, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा.

'एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस ५, बायनरी ४' असं लाल अक्षरात आलं तर भांडू नका. सॅमसंगच्या बिल्ड नंबरात मागून पाचवं अक्षर ही बूटलोडरची पायरी असते. फोन पाचव्या पायरीवर असेल तर चौथीचं फर्मवेअर तो घेत नाही, कारण पायरीचा आकडा चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. पाचवीचं किंवा पुढचं घ्या. त्याच नंबरात मागून तिसरं अक्षर वर्ष सांगतं, यू म्हणजे २०२१, व्ही २०२२, डब्ल्यू २०२३ असं पुढे. मागून दुसरं महिना, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. एकदा वाचायला शिकलात की फाइल उतरवायच्या आधीच कळतं, चालेल की नाही.

बाकीचे

शाओमीत सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर मोठ्या लोगोवर दहा टिचक्या मारल्या की मेनूत 'अपडेट पॅकेज निवडा' उघडतं. लॉक फोनवर त्याच प्रदेशाची, पुढचीच रिकव्हरी रॉम चालते. मोटोरोलासाठी कंपनीचं 'सॉफ्टवेअर फिक्स' नावाचं साधन आहे, ते फोन ओळखून योग्य फर्मवेअर स्वतः आणतं. 'रेस्क्यू' निवडलं तर डेटा जातो, हे मात्र लक्षात असू द्या.

या दोन खड्ड्यांत पडू नका

परक्या प्रदेशाची रॉम बसवून बूटलोडर पुन्हा लॉक करणे. शाओमीच्या फास्टबूट रॉममध्ये 'फ्लॅश ऑल लॉक' नावाची स्क्रिप्ट असते. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल रॉम मारून ती चालवली की फोन 'ही आवृत्ती या उपकरणावर चालत नाही' म्हणत कायमचा थांबतो. अनलॉक राहिला असता तर निदान परत येता आलं असतं.

दुसरं, वैतागून रिकव्हरीतून फॅक्टरी रिसेट. अँड्रॉइड ५.१ पासून असा रिसेट केला की फोन आधीचं गूगल खातं मागतो. पासवर्ड आठवत नसेल तर आधी तो शोधा, मग रिसेटचं बघा. आणि रीस्टार्टनंतर मोकळ्या जागेत लिहिलेले बदल सिस्टिममध्ये अर्धवट मिसळत असताना तर रिसेटला हातही लावू नका.

एवढं करूनही अडत असेल तर

फुल पॅकेज, योग्य मॉडेल, चेकसम बरोबर, तारीख पुढची, तरी दर वेळी लिहिताना जवळपास त्याच टप्प्यावर मोडतं, शेवटी वाचता-लिहिता न आल्याच्या ओळी येतात, आणि रोजच्या वापरातही फोन मधूनच गोठतो. मग संशय स्टोरेजच्या चिपवर घ्या. ती झिजत आलेली असते. तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. बॅकअप त्याच दिवशी घ्या आणि फोन सर्व्हिस सेंटरला दाखवा.

अपडेट बसलं तर आणखी एक छोटं काम, विशेषतः पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वाल्यांना. ऑगस्ट २०२२ मध्ये या फोनना अँड्रॉइड १३ आलं, तेव्हापासून त्यांचा बूटलोडर अँड्रॉइड १२ कडे परतू देत नाही. पण पहिल्या अपडेटनंतर नवा बूटलोडर एकाच जागेवर असतो, दुसऱ्या जागेवर जुनाच राहतो. एखाद्या कारणाने फोन त्या जागेवर गेला तर उठत नाही. म्हणून फोन नीट चालू होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं मागची जुळवाजुळव संपू द्या, आणि तेच पॅकेज आणखी एकदा साइडलोड करा. दोन्ही जागा सारख्या होतात. मग 'फोनबद्दल' उघडा आणि कागदावर लिहिलेल्या जुन्या बिल्ड नंबरावर रेघ मारा.